पन्नास पावलांवरचं दर्शन

“ट्रॅक्टर धुतला का रं? आन् त्यो केळीचा खांब उजव्या अंगाला बांध. देवाची मिरवणूक हाय, लग्नाची वरात न्हवं.”

बाळासो वस्ताद मारुतीच्या देवळाच्या पायरीवर उभे राहून हुकूम सोडत होते आणि जांभूळमाळातली दीडशे माणसं त्या हुकमांवर इकडून तिकडे पळत होती. हलगीवाले आले होते. गुलालाची दोन पोती फुटली होती. चहाचं आधण तिसऱ्यांदा चढलं होतं. सकाळचे आठ वाजायचे होते आणि गावात एकही माणूस जागेवर नव्हता, कारण गोष्टच तशी घडली होती. हनुमान जयंती उद्यावर आलेली असताना गावच्या काजूच्या रानात एक मोठं वानर मरून पडलं होतं.

तरुण मंडळाचा अध्यक्ष सम्राट याने पहाटे फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘मारुतीरायाने आपल्या गावात देह ठेवला.’ जयंतीच्या आदल्या दिवशी, आणि तेही आपल्या हद्दीत. ओढ्याच्या पलीकडे पडलं असतं तर मान शेजारच्या गावाला गेला असता. शेजारच्या गावाला न मिळालेली कुठलीही गोष्ट जांभूळमाळाला फार गोड लागते. चंदगड तालुक्याच्या त्या टोकाला, घाटाच्या काठावर, दिवसाला दोन एस्ट्या आणि बातम्या त्याहून कमी. अशा गावाला एवढा मोठा आनंद काही रोज मिळत नाही.

कार्यक्रम ठरलेला होता. चार वर्षांपूर्वी विजेच्या तारेला चिकटून एक वानर गेलं तेव्हा केलं तसंच करायचं. मानकऱ्याने वानराला मांडीवर घ्यायचं, गरम पाण्याने अंघोळ घालायची, नवा पंचा नेसवायचा, खुर्चीत जिवंत असल्यासारखं बसवून ट्रॉलीतून गावभर फिरवायचं आणि देवळामागे माती द्यायची. पोरांनी टक्कल करायचं. तेराव्याला गावजेवण. मांडीवर घ्यायचा मान तालमीच्या वस्तादांचा होता आणि त्यासाठी त्यांनी पहाटेच दाढी करून धुवट धोतर नेसलं होतं.

त्याच वेळी गावाच्या दुसऱ्या टोकाला प्रीती कांबळे एका बाळंतिणीच्या घरी बाळाचं वजन करत होती. बाळ तीन किलो दोनशे भरलं. ते लिहून घेण्यासाठी तिने फोन बाहेर काढला आणि ग्रुपवरचा फोटो तिच्यासमोर आला. काजूच्या वाळक्या पानांवर कुशीवर पडलेलं वानर, एक हात छातीशी. तिने फोटो मोठा करून पाहिला. अंगावर जखम नव्हती. जवळपास विजेची तारही नव्हती. बाळ आईच्या हातात देऊन प्रीती जी उठली, ती वजनकाटा तिथेच विसरून गेली.

प्रीती गावची आशा सेविका. बारा वर्षं झाली, गावातली गरोदर बाई, ताप, खोकला, लस, गोळी, सगळं तिच्या हाताखालून जातं. गेल्या डिसेंबरपासून तिच्या कामात आणखी एकाची भर पडली होती, ती म्हणजे तेल. घाटाखालच्या गावांत गोचिडीतून माणसाला लागणारा माकडताप होता आणि दरवर्षी तो थोडा थोडा वर चढत होता. काजूच्या हंगामात सगळं गाव रानात असतं, म्हणून आरोग्य खात्याने अंगाला चोळायच्या तेलाच्या बाटल्या पाठवल्या. हातापायाला लावा, गोचीड चढत नाही. प्रीतीने घरोघर फिरून दोनशे दहा बाटल्या वाटल्या आणि प्रत्येक उंबऱ्यावर तेच गाणं गायलं: बाया-बापड्यांनो, पूर्ण बाह्यांचं घाला, विजार मोज्यात खोचा, पाचोळ्यावर बसू नका, घरी आल्यावर गरम पाण्याने साबण लावून अंघोळ करा, कपडे उकळत्या पाण्यात टाका. लोकांनी ऐकून घेतलं. तेलाचा वास मात्र कुणाला सोसेना. सम्राटच्या आईने, विठाबाईने, ते दाराच्या बिजागरीला घातलं. पिराजीने सायकलच्या चेनला. “चेन मातूर झकास चालती बघ,” असं त्याने प्रीतीला वर सांगितलंही. गावाने तिला तेलवाली म्हणायला सुरुवात केली होती.

तेल इमानाने लावणारं गावात एकच माणूस होतं, आक्का. नाव चिमणाबाई, पण ते तिलाही आठवावं लागायचं. सत्तरीची आक्का पूर्वी गावची सुईण होती. अर्ध्या गावाच्या बारशाला ती नुसती जेवलेली नव्हती, त्या अर्ध्या गावाला जगात आणलंही तिनेच होतं. प्रीती आशा झाली आणि बाळंतपणं दवाखान्यात जाऊ लागली तेव्हा आक्काचं काम सुटलं. दुसरी एखादी असती तर बोटं मोडत बसली असती. आक्का पहिल्याच महिन्यात प्रीतीला म्हणाली, “पोरी, तुझ्यासंगट मी बी येती. बाया तुला लाजत्यात, मला लाजत न्हाईत.” आणि दोन वर्षं ती प्रीतीबरोबर दारोदार हिंडली. स्वतःचं मूल नव्हतं. काजूच्या रानाला लागून एक खोली, एक म्हैस आणि पाच-सहा काजूची झाडं, एवढा तिचा संसार.

धावता धावताच प्रीतीने आरोग्य केंद्रात फोन लावला.

“मॅडम, आमच्याकडं वानर मेलंय. काजूत.”

डॉक्टर तेजस्वींना केंद्रात येऊन सहाच महिने झाले होते, पण त्यांनी एकही शब्द वाया घालवला नाही. “कुणी हात लावलाय?”

“न्हाय वाटतं. पन आता गाव निघतंय. मिरवणूक काढणार हायत.”

“आम्ही निघतोच. तालुक्याच्या गुरांच्या डॉक्टरांना घेऊन येते. दोन तास लागतील. तोपर्यंत त्या जागेच्या पन्नास पावलांच्या आत कुणालाही जाऊ देऊ नका.”

“मॅडम, दीडशे माणूस हाय.”

“माहितीये, आणि तुम्ही एकट्या आहात,” डॉक्टर म्हणाल्या. “तरी पण.”

देवळासमोर ती पोचली तेव्हा ट्रॉलीत खुर्ची चढली होती. हलगी अशी कडाडत होती की दारातली कुत्रीसुद्धा ताठ उभी होती. खरं सांगायचं तर प्रीतीच्याही अंगात ते चढलं. तिलाही हलगी आवडते. क्षणभर तिला वाटलं, आपणही यात असायला हवं होतं. मग ती सरळ हलगीवाल्याजवळ गेली आणि तिने हलगीच्या कातड्यावर तळहात ठेवला. आवाज गप्पकन थांबला.

“वस्ताद, कुणी रानात जाऊ नगा. त्या वानराला हात लावू नगा.”

“का गं? काय झालं?”

“माकडतापानं मेलं असंल त्ये. जित्त्या गोचिडी त्येच्या अंगावर असत्यात. जनावर मेलं, अंग गार पडलं, की त्या खाली उतरत्यात आन् दुसरं गरम अंग हुडकत्यात. तिळाएवढ्या असत्यात, दिसत न्हाईत. जो जवळ जाईल त्येच्यावर चढणार.”

“गोचीड व्हय?” सम्राट हसला. “माझ्या म्हशीच्या एका कानात पन्नास हायत. मी मेलो न्हाय अजून.”

लोक हसले. हसणाऱ्यांत वाईट कुणी नव्हतं. सणाच्या दिवशी माणूस कशालाही हसतो. पण मागून विठाबाईचा आवाज आला, “तिला काय त्येचं. त्यांच्यात कुठं मारुती असतो.”

ती हळूच बोलली होती. हलगी बंद होती म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं.

प्रीतीला राग आला. भीती आधीपासून होतीच, तिच्यावर हा राग येऊन बसला. “विठाबाई, तुमच्या नातीला सुई टोचताना मी मांडीवर घेतली, तवा माझ्यात काय असतंय आन् काय नसतंय, इचारलं न्हाईसा. आज बरं सुचलं.”

विठाबाईने पदर सारखा केला. सम्राट उगाच खुर्चीची दोरी आवळू लागला.

“भांडाण नगो,” वस्ताद पायरी उतरून खाली आले. त्यांचा आवाज एवढा मोठा की हळू बोलले तरी हाळी दिल्यासारखं वाटतं. “पोरी, तुझं काम तू केलंस, सांगितलंस. आता बाजूला हो. देव उन्हात पडलाय.”

ते ‘देव उन्हात पडलाय’ त्यांनी अशा काही काळजीने म्हटलं की प्रीतीचा राग निम्मा उतरला. हा माणूस अडून बसलेला नव्हता. घरातलं कुणी उन्हात पडावं तसं त्याला झालं होतं. याला गोचिडीने भिववून काही उपयोग नाही, हे तिला तिथल्या तिथे कळलं. ज्याला स्वतःचं काही वाटत नाही त्याला भिववणार तरी कसं? तिची नजर त्यांच्या खांद्यावरून मागे गेली. देवळाचा उंबरा, आत शेंदराने माखलेला मारुती, आणि उंबऱ्याच्या अलीकडे नेहमीसारख्या अंग चोरून उभ्या असलेल्या बायका.

“वस्ताद, एक इचारू? मारुतीच्या गाभाऱ्यात बायका जात्यात का?”

“न्हाय. त्यो नेम हाय.”

“हात लावत्यात का त्येला?”

“कधीच न्हाय. असं काय इचारतीस?”

“मग आमी दर्शन कुठनं घेतो?”

“उंबऱ्याच्या भाईरनं.”

“त्ये पोचतंय का त्येला?”

“न पोचायला काय झालं? भाव असला की कुठनं बी पोचतंय,” वस्ताद ठणकावून म्हणाले.

“मग आज तुमी बी उंबऱ्याच्या भाईरनंच घ्या की. आज गाभारा काजूत हाय आन् उंबरा डांबरी रस्त्यावर.”

आधी कुणाला उमगलंच नाही. मग बायकांच्या घोळक्यातून कुणीतरी पदर तोंडाला लावून फिस्सकन हसलं. ती विठाबाईच होती. तिचं हसू सगळ्या बायकांत पसरलं, आणि आयुष्यभर उंबऱ्याबाहेर उभ्या राहिलेल्या त्या बायकांना एकदम कंठ फुटला.

“बरोबर हाय की वस्ताद. आमी जलमभर लांबनंच पाया पडतोय.”

“आमाला पावला न्हाई व्हय मारुती?”

“बघा जरा एक दिस, कसं दिसतंय लांबनं.”

वस्तादांनी उभ्या जन्मात शेकड्यांनी कुस्त्या केल्या होत्या. डाव बसला की तो मान्य करायचा, ही त्यांची जुनी शिस्त. ते बायकांकडे बघत राहिले, मग मारुतीकडे वळून त्यांनी मिशीवरून हात फिरवला. “घावलो पकडीत,” ते म्हणाले. “पन अंघोळ? पंचा?”

“डॉक्टर लोक येतायत. डोक्यापास्नं पायापातूर झाकलेले असत्यात. तुमच्या सवळ्यापेक्षा कडक सवळं हाय त्यांचं. पंचा त्ये घालतील, गुलाल त्ये उधळतील. मी सांगती त्यास्नी.” आणि मऊ लागलंच आहे तर कोपराने खणून बघावं म्हणून तिने पुढचंही रेटलं. “आन् डांबरीपातूर यायचं तर बी तेल लावून. मोजे घालून. न्हाईतर मी ट्रॅक्टरम्होरं आडवी पडीन.”

“ऐकलं का रं?” वस्ताद गरजले. “ज्येच्या अंगाला तेल न्हाय त्यो माझ्या मिरवणुकीत न्हाय.”

मग जो झाला तसा पाऊण तास जांभूळमाळाने कधी पाहिला नव्हता. जो तो घराकडे पळाला. कोनाड्यातून, माळ्यावरून, शिवणयंत्राच्या खणातून बाटल्या बाहेर आल्या, बहुतेकांचं सीलही फुटलेलं नव्हतं. तालमीत पैलवानांची रांग लागली आणि वस्ताद स्वतः एकेकाच्या पिंढऱ्यांना कुस्तीपूर्वीच्या मालिशीसारखं तेल रगडू लागले. “मागनं लाव, घोट्याला लाव, कोपराच्या घडीत लाव, तिथंच बसतंय म्हणं त्ये.” एवढं सगळं ते कधी ऐकून बसले होते, प्रीतीला कळेना. ज्यांच्याकडे मोजे नव्हते त्यांनी लग्नात घातलेले शोधून काढले. पिराजी एका पायात निळा आणि एका पायात पिवळा मोजा घालून आला, वर धोतर त्यात खोचलेलं. सगळ्या गावाला तेलाचा असा दर्प सुटला की हलगीवाला म्हणाला, गोचीड काय, वाघ येत न्हाय आता. प्रीती या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत होती, बाह्या खाली ओढत होती, विजारी खोचत होती. चार महिने जे तोंड दुखेपर्यंत सांगितलं ते पाऊण तासात झालं होतं. तिला हसू येत होतं आणि ते लपवायलाही वेळ नव्हता.

मग मिरवणूक निघाली. पुढे हलगी, मागे भजन, मध्ये ट्रॉलीत रिकामी खुर्ची, तिला झेंडूचा हार. डांबरी रस्त्याच्या कडेला प्रीतीने आपली ओढणी दोन झाडांना बांधली. हाच उंबरा. दीडशे माणसं त्या ओढणीच्या अलीकडे उभी राहिली. आत उतारावर, काजूखाली, लांबून तो काळपट ढीग दिसत होता. एक माणूस पुढे सरकला नाही.

दहाच्या सुमारास आरोग्य केंद्राची गाडी आली. डॉक्टर तेजस्वी उतरल्या आणि समोरची दीडशे मोजे घातलेली माणसं बघून जागीच थांबल्या. गुरांचे डॉक्टर आणि दोन माणसं पांढरे पोशाख चढवून, हातमोजे, चष्मे, उंच बूट घालून आत गेली. आधी त्यांनी भोवती गोचीड मारायची पावडर मारली. तपासणीसाठी नमुने घेतले. मग, प्रीतीने सांगून ठेवल्याप्रमाणे, त्यातल्या एकाने वानरावर नवा पंचा पांघरला, नारळ ठेवला, मूठभर गुलाल टाकला. रस्त्यावर टाळ खणखणले. धट्टेकट्टे पैलवान डोळे पुसत होते.

“पुरता येणार नाही, जाळावं लागेल,” डॉक्टर तेजस्वी बिचकत वस्तादांना म्हणाल्या. यावर भांडण होईल असं त्यांना वाटलं होतं.

वस्तादांनी हात जोडलेलेच होते. “जाळा की,” ते म्हणाले. “त्येनं लंका पेटवली. त्येला आगीचं काय भ्या?”

धूर वर गेला आणि जयजयकार झाला. प्रीतीला वाटलं, झालं, जिंकलं. बारा वर्षांत असं तिला कधीच वाटलं नव्हतं. तिला वस्तादांना सांगायचं होतं, तुम्ही भले आहात; मॅडमना सांगायचं होतं, बघा, एकही हात लागला नाही. ती गर्दीतून मॅडमकडे निघाली तेव्हा समोरून आक्का आली. म्हशीला ओढ्यावर पाणी दाखवून ती आत्ता परतत होती. एवढी माणसं आपल्या खोलीसमोर बघून तिचा चेहरा उजळला होता.

“बरं केलंसा गं बायांनो, समदी आलासा,” आक्का म्हणाली. “एकट्यानं गेलं म्हणून जिवाला लागलं हुतं माझ्या. पाणी मातूर म्या पाजलं बघ शेवटचं.”

“कुणाला?” प्रीतीने विचारलं. उत्तर तिला माहीत होतं.

“त्येला की. पहाटं कण्हत हुतं. आडलेल्या बाईगत बघत हुतं माझ्याकडं. मांडीवर डोस्कं घेतलं आन् तांब्यानं पाणी घातलं. दोन घोट घेतले, मग गेलं.”

झालं. लोकांनी आक्काला वेढाच घातला. मारुतीला शेवटचं पाणी पाजणारी बाई. वस्ताद खाली वाकले, त्यांच्यामागून पैलवान, मग बायका. हलगी पुन्हा सुरू झाली. प्रीतीने सम्राटकडे बघितलं. त्याने नजर खाली घातली. “आक्कानंच मला पयलं सांगितलं,” तो म्हणाला. “ग्रुपवर तिचं नाव घालायचं ऱ्हाऊन गेलं.” तो स्वतः जवळ गेला नव्हता. नवे पांढरे बूट खराब होतील म्हणून त्याने लांबूनच फोटो काढला होता.

“आक्का, तेल लावलंतं न्हवं?” प्रीतीने तिचा दंड धरला. “रोज लावता की तुमी.”

“लावलंतं. पन त्येला पाणी पाजायचं हुतं न्हवं? त्या वासाच्या हातानं कसं पाजू, मरणाऱ्याला? कोपरापातूर साबणानं धुतले हात आन् मग गेली.”

भोवती माणसं नाचत होती. प्रीतीने आक्काला हाताला धरून खोलीत नेलं, चुलीवर हंडा चढवला, तिला साबण लावून अंघोळ घातली, लुगडं उकळत्या पाण्यात टाकलं. मग दारात उजेडाला बसवून डॉक्टर आणि ती, दोघींनी तिचं अंग वितीवितीने पाहिलं. डाव्या कोपराच्या घडीत एक होती. तिळाएवढी, काळी. डॉक्टरांनी चिमट्याने ती अगदी कातडीजवळ धरली, न चिरडता सरळ वर ओढली आणि बाटलीत टाकली.

“एवढीशी?” आक्का बघून म्हणाली. “हिच्यापायी एवढं?”

“आता काय करायचं मॅडम?” प्रीतीने बाहेर येऊन विचारलं.

“लक्ष ठेवायचं. दोन आठवडे. औषध नाहीये यावर, ताई. ताप आला की लगेच हलवायचं, एवढंच आपल्या हातात.”

पाचव्या दिवशी नमुन्याचा निकाल आला. वानर माकडतापानेच मेलं होतं. ही बातमी कळल्यावर गावाला पुन्हा आनंदाचं भरतं आलं. आपण किती मोठ्या संकटातून वाचलो हे जो तो दुसऱ्याला सांगू लागला. वस्ताद शेजारच्या गावात जाऊन सांगून आले, “मीच म्हटलं, पन्नास पावलांच्या आत कुणी जायचं न्हाय.” प्रीतीने ते ऐकलं आणि सोडून दिलं. तेलाच्या बाटल्या कमी पडू लागल्या. पिराजी तर मापटं घेऊन दारात उभा राहिला. प्रीतीला आता कुणी तेलवाली म्हणेना.

ती रोज सकाळ-संध्याकाळ आक्काकडे जायची. थर्मामीटर काखेत, घड्याळावर डोळा.

“किती हाय?” आक्का विचारायची.

“नॉर्मल.”

“मग तोंड का असं? मी बाळंतिणीम्होरं कधी असं तोंड केलं न्हाय. धा वेळा पोटात गोळा आला तरी हसत ऱ्हायची. तोंड बघूनच बाईला धीर येतोय.”

मग प्रीती हसायची. सहाव्या दिवशी सकाळी आक्काचे डोळे लाल होते. ताप एकशे तीन. डोकं फुटतंय म्हणत होती आणि म्हशीला कोण पाणी दाखवणार ते विचारत होती. अर्ध्या तासात गाडी आली. केंद्रातून तालुक्याला, तालुक्यातून कोल्हापूरला. प्रीती बरोबर गेली. चार दिवस ती कॉटखाली चटईवर झोपली. मधे एक दिवस ताप उतरला तेव्हा आक्काने वॉर्डातल्या नर्सला, तू कुणाची गं, तुझी आई कुठली, तिचं बाळंतपण कुणी केलं, असं सगळं विचारून घेतलं. प्रीतीने फोन करून गावाला कळवलं, आक्का बोलतीय. गावाने नारळ फोडला. पुढच्याच रात्री हिरड्यांतून रक्त आलं आणि पहाटे आक्का गेली.

दुपारी गाडी गावात शिरली. आक्काला तिच्या खोलीसमोरच्या अंगणात फळीवर ठेवलं. सारं गाव आलं होतं, हलगी नव्हती. बायकांनी पाणी तापवलं होतं. लुगडं आणलं होतं, हळदकुंकू नव्हतं, ती विधवा होती. सगळं तयार होतं आणि सगळे रस्त्यापलीकडे उभे होते. विठाबाई तेवढी दोन पावलं पुढे, हातात भरलेला तांब्या. आक्काने सम्राटला याच हातांत आणून दिलं होतं.

गाडीतून प्रीती उतरली. गावाचे सगळे डोळे तिच्याकडे वळले. वस्ताद तालमीच्या पोरांपुढे उभे होते, हात जोडून. त्यांचा तो मोठा आवाज आज कसाबसा रस्ता ओलांडून आला.

“प्रीती, हितनंच घ्यायचं का दर्शन?”

ते चेष्टेने विचारत नव्हते. ती सांगेल तसंच ते करणार होते. पन्नास म्हणाली असती तर पन्नास, शंभर म्हणाली असती तर शंभर पावलांवरून ते परत गेले असते, आणि सगळं गाव त्यांच्यामागून गेलं असतं. प्रीतीला चार दिवसांत पहिल्यांदा रडू आलं. तिने ते आवरलं नाही.

“न्हाय वस्ताद,” ती म्हणाली. “ह्यो ताप माणसाचा माणसाला लागत न्हाय. मी मॅडमना दोनदा इचारलंय. आक्काला हात लावायला काय भ्या न्हाय.”

कुणी हललं नाही. विश्वास नव्हता असं नाही. पाय उचलत नव्हते.

प्रीती विठाबाईजवळ गेली आणि तिने तांब्यासाठी हात पुढे केला. विठाबाईने क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि तांब्या तिच्या हातात दिला. प्रीती फळीशी जाऊन बसली. आक्काचा डावा हात तिने आपल्या हातात घेतला, कोपरापर्यंत पाणी घातलं आणि हळूहळू चोळून धुतला. मग उजवा घेतला.

रस्त्यापलीकडे वस्तादांनी चपला काढल्या. विठाबाई हंड्याकडे वळली आणि दुसरा तांब्या भरू लागली.